दोन महिन्यांत बरं वाटलं, मग टीबीच्या गोळ्या सहा महिने कशाला?

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाचा टीबी निघाला. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढलं, थुंकीचा रिपोर्ट पण निगेटिव्ह आला. आता म्हणतात मी ठणठणीत आहे, उगाच गोळ्या कशाला गिळू. घसा धरला तर पाच दिवसांत गोळ्या संपतात, मग यालाच सहा महिने का? त्यांना पटेल असं काहीतरी सांगा.
– एक वाचक, मिरज

उत्तर: बाबांना बरं वाटतंय ते खरंच आहे हो, औषधांनी काम केलंय. पण रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे मायक्रोस्कोपखाली जंतू दिसले नाहीत एवढंच, आणि थुंकीत दिसायला ते हजारोंनी असावे लागतात, त्यामुळे थोडेफार उरलेले सहज सुटतात.

आता हा जंतू भलताच संथ आहे. पोटातला ई. कोलाय चांगलं खाणंपिणं मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्यात बाहेरून मेणासारखं जाड कवच. गोळ्यांमधलं आयसोनियाझिड नावाचं औषध हे कवच बनवायचं कामच बंद पाडतं, म्हणून जे जंतू वाढतायत ते पटापट मरतात आणि पेशंटला महिन्याभरात हुशारी येते. पण काही जंतू अर्धवट झोपलेले असतात, कवच बांधतच नसतात, मग आयसोनियाझिड त्यांचं करणार काय? शिवाय आपल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून जिरवतात त्यांच्याच पोटात हा बिनधास्त राहतो, कारण जिरवणारा रस आपल्यापर्यंत पोचूच नये अशी सोय त्याने करून ठेवलेली असते. हे झोपाळू लोक अधूनमधून जागे होतात तेव्हा रिफॅम्पिसिन हे दुसरं औषध त्यांना गाठतं, त्यासाठीच पुढचे चार महिने.

चार-चार औषधं का, तर त्याचंही गणित आहे. साधारण १० कोटी जंतूंत एखादा जन्मतःच रिफॅम्पिसिनला दाद न देणारा निघतो, आयसोनियाझिडला १० लाखांत एखादा. फुफ्फुसात पोकळी पडली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकच औषध दिलं तर असला एखादा वाचणारच आणि पुढे त्याचीच प्रजा वाढणार. दोन्हींना एकदम पुरून उरणारा मात्र १ वर १४ शून्य इतक्यांत एक, तो सापडणं जवळपास अशक्य. गोळ्या मध्येच सोडल्या, नाहीतर आठवड्यातून दोनदा विसरल्या की हे गणित बिघडतं, आणि मग एमडीआर टीबीची, म्हणजे या दोन्ही औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची, जी औषधं घ्यावी लागतात त्यापुढे आत्ताच्या गोळ्या परवडल्या म्हणायची वेळ येते.

बाबांच्या गोळ्या बंद झाल्याच असतील तर घरच्या घरी परत सुरू करू नका, जिथून उपचार चालू होते तिथे उद्याच जा, किती दिवस खंड पडला ते खरं सांगा. लघवी केशरी झाल्याने घाबरले असतील तर तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्यात काही नाही. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच डॉक्टर गाठा, लिव्हर तपासावं लागेल.

प्रश्न: थुंकीचा मशीनवरचा रिपोर्ट दोन तासांत कसा येतो? पूर्वी कल्चरला दीड-दोन महिने लागायचे ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर: कल्चरमध्ये जंतू वाढायची वाट बघावी लागते, आणि तो किती आरामात वाढतो ते वर वाचलंतच. सीबीनॅट मशीन त्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या लाखो कॉप्या काढतं, आणि त्याच फटक्यात आरपीओबी नावाच्या जीनमध्ये बदल आहे का तेही बघतं. रिफॅम्पिसिन ज्या प्रोटीनला जाऊन चिकटतं ते याच जीनवरून बनतं, ते बदललं की औषधाला धरायला जागा राहत नाही. तुमच्या गोव्याचं ट्रूनॅट मशीनही डीएनएच शोधतं, बॅटरीवर चालतं, म्हणून लहान दवाखान्यात पण ठेवता येतं. फक्त मेलेल्या जंतूचा डीएनए पण या मशीनना दिसतो, त्यामुळे उपचार लागू पडतायत का हे बघायला अजूनही मायक्रोस्कोप आणि कल्चरच वापरतात.