गाडी किती पळाली आणि गाडीनं काय सोसलं

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही गाड्यांची माहिती काल रात्री नीट वाचली. एक २०११ ची प्रियस (टोयोटाची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी), १ लाख ७८ हजार मैल झालेली, ६,२०० डॉलर. दुसरी २०१५ ची, फक्त ७१ हजार मैल, ७,००० डॉलर, पण टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सॅल्वेजचा शिक्का, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणलेली. तू लिहिलंस, “काका, आठशे डॉलर जास्त दिले की गाडी चार वर्षं नवी आणि एक लाख मैल कमी पळालेली. यात विचार कसला करायचा?” विचार करायचा आहे. फोनवर घाईघाईत सांगितलं तर अर्धं राहून जाईल, म्हणून लिहायला बसलो.

माझा कल पहिल्या गाडीकडे आहे. तीही तपासल्याशिवाय घ्यायची नाही, आणि तपासणीत नापास झाली तर दोन्ही सोडायच्या.

सॅल्वेज म्हणजे काय ते आधी समजून घे. गाडीला अपघात झाला, पुरात बुडाली किंवा चोरीला गेली, आणि इन्शुरन्स कंपनीनं हिशेब करून ठरवलं की दुरुस्तीपेक्षा मालकाला पैसे देऊन टाकलेले परवडतील. गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. हा हिशेब प्रत्येक राज्यात वेगळा असतो. न्यूयॉर्कमध्ये नुकसान किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की शिक्का, फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के. म्हणजे तेवढंच नुकसान झालेली गाडी एका राज्यात सॅल्वेज ठरते, दुसऱ्या राज्यात ठरत नाही. काही लोक याचाच फायदा घेऊन गाडी दोन-तीन राज्यांतून फिरवतात आणि शिक्का धुऊन काढतात.

तू म्हणशील, पण आपल्या न्यू जर्सीत तर सरकारी तपासणी होते ना? होते. मात्र सॅल्वेज गाडीच्या त्या तपासणीत मुख्य भर असतो तो बसवलेले भाग चोरीचे नाहीत ना, पावत्या आहेत ना, यावर. वेल्डिंग मजबूत आहे का, एअरबॅग उघडेल का, हे ती सांगत नाही. काचेवरच्या नेहमीच्या इन्स्पेक्शन स्टिकरचंही तसंच. ऑगस्ट २०१० पासून आपल्या राज्यात खासगी गाड्यांची फक्त धुराची तपासणी होते, ब्रेक आणि स्टीअरिंगची नाही. म्हणून विकणारा “इन्स्पेक्शन पास आहे” म्हणाला तर त्यातून फार काही समजायचं नाही.

आता माझ्यावर काय गुजरलं ते सांगतो. तुझ्या बाबांनाही हे मी पूर्ण कधी सांगितलं नाही. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं आणि किनाऱ्यावरच्या हजारो गाड्या खाऱ्या पाण्यात गेल्या. पुढच्या वसंतात मी एक जुनी हायब्रिड घेतली. टायटल कोरं करकरीत, किंमत थोडी कमी, विकणारा गोड बोलणारा. गाडीत सुगंधी कार्डं टांगलेली होती, त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. जूनमध्ये उकाडा सुरू झाल्यावर गालिच्यातून ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि गाडीतला जोर निघून गेला. मागच्या सीटवर धाकटी होती, सहा वर्षांची. बाजूनं ट्रक जात होते आणि गाडी कशीबशी कडेला घेताना माझे हात कापत होते. ती भीती मी अजून विसरलेलो नाही. मेकॅनिकनं मागची सीट काढून दाखवली: बॅटरीच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी-पांढरी बुरशी चढावी तसा गंज, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू. समुद्राची वाळू. विकणाऱ्यानं मी सही केलेला ‘ॲज इज’चा (‘आहे तशी घेतली, नंतर तक्रार नाही’चा) कागद पुढे केला आणि विषय संपला.

हायब्रिडच्या बाबतीत हे जास्त का भोवतं, ते बघ. तुझ्या दोन्ही गाड्या एकाच पिढीतल्या, २०१० ते २०१५ च्या. त्यांची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते: निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, एकूण २०१.६ व्होल्ट. मागून ठोकर बसली की धक्का तिथेच पोचतो. पुढे बॉनेटखाली बॅटरीची वीज मोटरीला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर, त्याला गार ठेवणारं वेगळं कूलंट, आणि जाड नारिंगी वायर. समोरून ठोकर बसली की हे सगळं वाटेत येतं. साध्या गाडीचा बंपर, दिवा, रेडिएटर बदलला की काम भागतं. इथे धातूच्या तुकड्यांइतकंच वायरिंग आणि संगणकही जपून जोडावे लागतात, आणि स्वस्तात दुरुस्ती करून विकणारा नेमकं तिथेच हात आखडता घेतो.

कमी मैलांचा मोहही जरा उलगडून बघ. सॅल्वेज गाडी इन्शुरन्सचा निकाल, लिलाव, दुरुस्तीची वाट यात महिनोन्‌महिने उभी असते. निकेलची बॅटरी नुसती उभी राहिली की हळूहळू उतरते, आणि सगळे मॉड्यूल सारखे उतरत नाहीत. शिवाय ती वर्षांनी आणि उन्हानंही म्हातारी होते, फक्त मैलांनी नाही. म्हणून ७१ हजार मैलांची बॅटरी म्हणजे तरुण बॅटरी असं धरू नकोस. दोन्ही गाड्यांच्या बॅटरीची वॉरंटी संपलेली आहे असं समजूनच चाल.

मला सगळ्यांत जास्त काळजी एअरबॅगची आहे. अपघातात ती उघडली असेल तर कंपनीची नवी बसवायला बराच खर्च येतो. २०२४ मध्ये इथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं, एनएचटीएसएनं, जाहीर इशारा दिला होता: अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाड्यांमध्ये निकृष्ट, स्वस्त इन्फ्लेटर (बॅग फुगवणारा भाग) बसवलेले सापडले आणि ते फुटून माणसं दगावली. जी धडक बसूनही माणूस वाचायला हवा होता, त्या धडकेत. कुणी तर बॅग न बसवता फक्त डॅशबोर्डचा दिवा गप्प करून ठेवतो. बाहेरून बघून हे तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही.

आता जास्त पळालेल्या गाडीकडे वळतो. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, ते फिरवणारा पट्टा नाही. गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चाकांचं एक ग्रहचक्र आणि दोन मोटरी, त्यात घासून झिजणारे क्लच नाहीत. ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकानं २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त मैल झालेली २००२ ची प्रियस तपासली होती. ती गॅलनला ४०.४ मैल देत होती. दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीनं दिले होते ४०.६. तीही पहिल्या पिढीची गाडी.

म्हणून १ लाख ७८ हजार या आकड्याला घाबरू नकोस. सांभाळून वापरलेल्या गाडीची झीज ओळखीची असते. कुठे काय झिजतं ते ठाऊक आहे, दुरुस्तीचा दर ठाऊक आहे, आणि ती तपासता येते. अपघातात गाडीनं काय सोसलं ते मात्र दुरुस्त करणाऱ्यालाच माहीत असतं.

पण या पिढीत एक खरं दुखणं आहे आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. इंजिनातला धूर परत फिरवणारा ईजीआर कूलर काजळीनं बुजतो, आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील, जातं. मग रात्रभरात थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना गाडी थंडीनं कुडकुडल्यासारखी हलते, अर्ध्या मिनिटानं शांत होते. विकणाऱ्यानं आधीच गाडी गरम करून ठेवली तर हे कळत नाही. म्हणून सकाळी लवकर जायचं, बॉनेटला हात लावून ते गार आहे ना बघायचं, आणि मगच सुरू करायची. गार असतानाच गुलाबी कूलंटची पातळी बघायची. हेड गॅस्केटची दुरुस्ती दोन-तीन हजार डॉलरला सहज जाते, तेव्हा गाडी एवढी जरी हलली तरी मी तुला तिथून उठवून आणीन.

बॅटरी तपासायला माझ्याकडे वीस-पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर आहे, फोनवरच्या ॲपमध्ये बॅटरीच्या १४ जोड्यांचे व्होल्टेज दिसतात. चढावर जोर दिला की एखादी जोडी इतरांपेक्षा जास्त खाली पडते का, एवढंच बघायचं. पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या झरझर भरत आणि झरझर रिकाम्या होत असतील तरी बॅटरी थकली असं समज. मागच्या सीटशेजारी हवेची जाळी आहे, तिथून बॅटरीचा पंखा हवा घेतो. घरात कुत्रं असेल तर ती केसांनी भरलेली असते आणि बॅटरी तापत राहते. पहिल्या गाडीच्या मालकांना हे आवर्जून विचार. आणखी एक: फेब्रुवारी २०१४ मध्ये या पिढीच्या जगभरातल्या १९ लाख गाड्या इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या. गाडीचा १७ अक्षरी नंबर सरकारी साइटवर टाकला की कुठला रिकॉल बाकी आहे ते फुकट कळतं. दोन्ही गाड्यांचं ते आज रात्रीच करून टाक.

आपल्या राज्यात जुन्या गाडीसाठी लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, आहे असं तुला ऑफिसात कुणी सांगितलंय. आहे, पण तो डीलरकडून घेतलेल्या गाडीला, तीही सात वर्षांच्या आतली आणि एक लाख मैलांपर्यंतची. इन्शुरन्सनं टोटल (दुरुस्ती न परवडणारी) ठरवलेली गाडी त्यातून वगळलेलीच आहे. तुझ्या दोन्ही गाड्यांना त्याचा आधार नाही. आधार एकच: स्वतंत्र मेकॅनिककडून आधी तपासणी, हायब्रिड कळणाऱ्या. दीडशे-दोनशे डॉलर लागतील, ते वाचवू नकोस. विकणारा तपासणीला गाडी द्यायला तयार नसेल तर बोलणं तिथेच थांबव.

आता पैसे. तुझ्याकडे साडेआठ हजार आहेत. त्यातले ६,२०० गाडीला, ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरून पावणेसात हजारांच्या आसपास जातील. उरलेले सतराशे वेगळ्या खात्यात ठेव आणि दर महिन्याला शंभर डॉलर घालत जा. ही बॅटरीची तरतूद. नवी बॅटरी बसवायला अडीच ते चार हजार लागतात, आणि ती वेळ केव्हातरी येणारच. दुसरी गाडी घेतलीस तर खात्यात याच्या जेमतेम निम्मे उरतील, आणि भरीला इन्शुरन्सचा पेच: बऱ्याच कंपन्या अशा गाडीला फक्त समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण देतात, तुझ्या गाडीचं नाही. दिलं तरी भरपाई कापून. पुढे विकायला गेलीस की तो शिक्का तुझ्याही गळ्यात.

आणि हायब्रिडच हवी, हा हट्टही जरा तपासून बघ. एडिसनहून प्रिन्स्टनकडे रोज जाऊन-येऊन ४४ मैल, वर्षाला साधारण ११ हजार. प्रियस ५० च्या ॲव्हरेजनं २२० गॅलन पिईल, २८ देणारी साधी गाडी ३९३ गॅलन. गॅलनला तीन डॉलर धरले तर वर्षाला पाचशे-सव्वापाचशे डॉलरचा फरक. चांगला आहे, पण त्यासाठी इतिहास लपवणारी गाडी गळ्यात बांधून घ्यावी एवढा नाही. पहिली प्रियस नापास झाली तर एखादी साधी, एका हातची कोरोला शोधू. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

सॅल्वेजला सरसकट नाही म्हणायचं का? तसंही नाही. गारांनी टपावर खड्डे पडलेली गाडी असते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) चोरांनी कापून नेला आणि तो एवढा महाग की जुनी गाडी त्यातच टोटल ठरली, असंही होतं. अशा गाडीचे लिलावातले मूळ फोटो, पावत्या, सगळं समोर असेल तर माझ्यासारख्यानं ती घ्यावीही. या २०१५ च्या गाडीचे लिलावातले फोटो तू मागितलेस आणि तो म्हणाला, “किरकोळ लागलं होतं.” फोटो नाही दिले. किरकोळ लागलेल्या गाडीचे फोटो दाखवायला काय हरकत होती?

पहिल्या गाडीचे मालक मात्र पावत्यांची फाइल घेऊन बसतो म्हणाले, हे मला आवडलं. त्यात दर पाच-दहा हजार मैलांना तेल बदललेलं दिसतंय का, इन्व्हर्टरचं कूलंट कधी बदललं, ईजीआर साफ केलाय का, एवढं शोध. ईजीआर साफ केल्याची पावती सापडली तर मला लगेच फोन कर, रात्री अकरा वाजले असले तरी.

तुझे बाबा आणि मी सांगलीला वालचंदच्या हॉस्टेलवर असताना दोघांत मिळून एक सायकल घेतली होती. घेण्याआधी त्यांनी ती उलटी करून दोन्ही चाकं फिरवून बघितली होती, दुकानदार वैतागेपर्यंत. शनिवारी आपण तसंच करू. त्या मालकांना सकाळी साडेसातची वेळ दे आणि गाडी आदल्या रात्रीपासून सुरू करू नका म्हणून सांग. मी सातला मेट्रोपार्क स्टेशनवर तुला घ्यायला येतो. टॉर्च आणि स्कॅनर आणतो. तू जुने कपडे घाल, गाडीखाली वाकून बघायचं आहे. पैसे मात्र त्या दिवशी घरीच ठेव.

तुझा,
काका