गिऱ्हाइकाने विचारलंच नाही आणि आपण सांगितलं नाही, तर इस्लाममध्ये ती फसवणूक धरतात का?

धरतात. तुम्ही विकताय त्या स्कूटरच्या इंजिनचं काम निघालंय हे तुम्हाला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, एवढं पुरे. "मी खोटं बोलणार नाही, फक्त गप्प बसणार" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हेच वाक्य मी मामूंच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचा धंदा फळांचा. मार्केट यार्डातून माल उचलायचा आणि सीझनला कोथरूडमध्ये मांडव टाकून आंबा विकायचा. कर्नाटकचा हापूस कोकणच्या पेटीत कसा शिरतो हे पुणेकरांना मी काय सांगणार? तीच लाकडी पेटी, तोच पेंढा, फळीवर देवगडचं नाव. मामूंनी स्वतःच्या तोंडाने कधी देवगड म्हटलं नाही. पेटी बोलायची, मामू पैसे मोजायचे.

एका वर्षी एक निवृत्त शिक्षिका लेकीच्या सासरी द्यायला 5 डझनांची पेटी घेऊन गेल्या. भांडायला परत आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या थेट पुढच्या सीझनला, आणि खूश होऊन. "तुमच्या देवगडचं व्याहीसुद्धा कौतुक करत होते, तसाच द्या." मामू नमाजला गेले होते, गल्ल्यावर मी. वय 19. तोंडातून निघून गेलं, "बाई, तो कर्नाटकचा होता." त्या जरा वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. कर्नाटकचाच दे. पण या वेळी पैसेही कर्नाटकचेच लाव."

रात्री घरात जे झालं ते लिहीत नाही. मामूंचा मुद्दा एकच: "मैं झूट बोला क्या?"

आता सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, बघा. पैगंबर धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी आत हात घातला तर बोटं ओली झाली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. त्यावर ते म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो माझा नाही. तो विकणाराही तोवर एक शब्द खोटा बोललेला नव्हता. त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. जे बोलायचं ते ढिगाचा वरचा थर बोलत होता, आमच्या पेटीसारखा.

मामूंचा दुसरा मुद्दा याहून वाईट. इब्न माजाच्या संग्रहातल्या हदीशीत ऐब, म्हणजे दोष, सांगितल्याशिवाय आपल्या भावाला माल विकू नये असं आहे, भाऊ म्हणजे मुसलमान, आणि बाई कुठं आपल्या भाऊबंद? हा शुद्ध फालतूपणा आहे. कुराणातली 83वी सूरह, मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांवरच आहे, आणि तिथं शब्द 'लोक' असा आहे. लोकांकडून घेताना पुरं घेतात, देताना कमी देतात. लोक म्हणजे सगळेच आले. 2018 साली कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी म्हटलं, आता तर कायद्यानेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरबाहेरचा आंबा त्या नावाने विकता येत नाही. मामू म्हणाले, मी नाव घेतोच कुठं!

हां, मी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही. गिऱ्हाइकाला दोष आधीच माहीत असेल किंवा धडधडीत दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तुम्ही दोष लपवलात आणि नंतर तो निघाला, तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क आहे, त्याला खियार म्हणतात. किती दिवसांत, कसा, हे मजहबनुसार, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरेनुसार, बदलतं, ते मुफ्तींना विचारा. आणि भांडण मिटवण्यासाठी इकडचं तिकडं गोड करून सांगणारा खोटारडा नव्हे, हेही हदीशीत आहे. आमच्या अम्मीने ही सवलत पुरेपूर वापरली. मामूंना सांगितलं पोरगा पस्तावलाय, मला सांगितलं मामू रडत होते. दोन्ही थापा. पण 2 वर्षांनी आम्ही एका दस्तरखानावर बसलो.

स्कूटरचं म्हणाल तर इंजिनचं सांगा आणि किंमत उतरवा. मामू हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचेल, म्हणून त्यांचा शेवटचा सवालही इथंच लिहून टाकतो. ते अजून विचारतात, आदल्या वर्षीच्या पेटीतला फरक बाईंना परत दिलास का?

नाही दिला. त्यांनी मागितला नव्हता.