बाँडवर सही आईची, रंगमंचावर मुलं

प्रश्न : मी परभणीला राहते. मुलगी १५ वर्षांची, दहावीत आहे. मुलगा १३ वर्षांचा. दोघं एका व्यावसायिक संगीत नाटकात आहेत. ती गाते आणि भूमिका करते, तो तबल्याच्या साथीला बसतो. निर्माते छत्रपती संभाजीनगरचे. मी ५०० रुपयांच्या बाँडवर सही करून दिली आहे : दोन वर्षं मुलं दुसरीकडे काम करणार नाहीत, मध्येच सोडलं तर मी २ लाख भरीन. प्रयोग रात्री साडेनऊचे, कधी नांदेड, कधी लातूर. घरी यायला पहाट होते. बोर्डाच्या परीक्षेसाठी दोन महिने सुट्टी मागितली, तर वकिलाची नोटीस आली : १५ दिवसांत पैसे भरा, नाहीतर दावा. ११ प्रयोगांची नाईटही (प्रयोगामागे मिळणारं मानधन) अडवून ठेवली आहे. मुलांना नाटक सोडायचं नाही. काय करू?

उत्तर : ताई, मुलांकडून हे २ लाख कुणीही वसूल करू शकत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती करार करायला पात्रच नसते. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार मुळातूनच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं आणि ते आजही कायम आहे. बाँड कितीचा होता, नोटरी झाली होती की नाही, याने त्यात काही बदलत नाही.

पण सही तुमची आहे, आणि समोरचा वकील तोच धागा धरणार : मुलं अज्ञान असतील, आई तर सज्ञान आहे. त्यावर पहिलं उत्तर करार कायद्याचंच कलम ७४. करारात लिहिलेली दंडाची रक्कम आपोआप पदरात पडत नाही. ती फक्त वरची मर्यादा. कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि दोन महिन्यांच्या रजेने नेमकं किती नुकसान झालं हे निर्मात्यांनाच मांडावं लागेल. दुसरं उत्तर जास्त भक्कम आहे. कायद्याने मनाई केलेलं काम करून घेण्यासाठी केलेला करार कलम २३ खाली शून्य ठरतो. मग तुमचं वचनही त्याच्याबरोबर पडतं.

ही मनाई नेमकी कुठे आहे, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या सगळ्या प्रकरणाचं बळ तिथेच आहे.

बाल व किशोरवयीन कामगारांचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. १४ पूर्ण झालेली, पण १८ न झालेली मुलं आता किशोरवयीन धरली जातात. या कायद्याच्या आस्थापनेच्या व्याख्येत नाट्यगृह आणि सार्वजनिक करमणुकीची जागा स्पष्ट लिहिलेली आहे. कलम ७ सांगतं की किशोरवयीनाकडून संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम करून घ्यायचं नाही. सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती हवी. विश्रांती धरून सगळा पसारा सहा तासांच्या आत बसायला हवा, आणि त्यात कामासाठी थांबण्याचा वेळही मोजला जातो. म्हणजे रंगपटात मेकअप करून तुमची लेक नुसती बसून राहते ते तासही आले. जादा काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. साडेनऊच्या प्रयोगात तिला उभं करणं या कलमात बसतच नाही.

मुलाचं वेगळं आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला काम बंद, पण कलावंत म्हणून सूट आहे, तीही शाळेला धक्का न लावता. २०१७ च्या नियमांत अटी दिल्या आहेत : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिथे प्रयोग, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी हवी. नांदेडच्या प्रयोगाला परभणीची परवानगी चालत नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवेत. तुमच्या पत्रात यातल्या एकाचाही उल्लेख नाही, म्हणून ही कागदपत्रं लेखी मागा. मुलाला १४ पूर्ण झाली की त्यालाही बहिणीची वेळमर्यादा लागू होईल, हेही लक्षात ठेवा.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. व्यावसायिक कामासाठी नियम मोडून मुलाला पाठवलं तर पालकांवरही जबाबदारी येते. पहिल्या वेळी कायदा पालकांना शिक्षा करत नाही. पुन्हा घडलं तर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आता डोळेझाक नको.

अडवलेल्या नाईटबद्दल सावध राहून बोलते. मुंबई उच्च न्यायालयाच्या राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या निकालात (१९४९ मध्ये प्रसिद्ध) एका अज्ञान अभिनेत्रीसाठी वडिलांनी चित्रपटाचा करार केला होता. पुढे तिची भूमिका दुसरीला दिली गेली, तिने नुकसानभरपाई मागितली आणि न्यायालयाने तो करार लागू करता येत नाही असं ठरवलं. हा निकाल निर्मात्यांना आडवा येतो तसा तुम्हालाही येऊ शकतो. मात्र तुमची मागणी न झालेल्या कामाची नाही. प्रयोग झाले, तिकिटं विकली गेली, त्याचा लाभ निर्मात्यांनी घेतला. तेव्हा बाँडवर बोट ठेवू नका; करार कायद्याच्या कलम ७० खाली झालेल्या कामाचा मोबदला मागा. जाहिराती, प्रयोगांच्या तारखा, बसच्या वेळांचे व्हॉट्सॲप निरोप, आधीच्या नाईट जमा झालेलं पासबुक, सगळं एका फाइलला लावा.

नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने द्या. फोनवर वाद घालू नका आणि समझोता म्हणून नव्या बाँडवर सही तर मुळीच करू नका. उत्तरात २ लाख साफ नाकारा, ११ प्रयोगांचा हिशोब मागा आणि मुलं कोणत्या अटींवर काम करतील ते लिहा : परीक्षा संपेपर्यंत मुलीला रजा, त्यानंतर फक्त दुपारचे प्रयोग, परगावी तुम्ही स्वतः बरोबर, मुलाची परवानगी आणि ठेवीची पावती हातात आल्याशिवाय तो तबल्याला बसणार नाही.

नाटक सोडवा असं मी म्हणणार नाही. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा तेही अठराच्या आतच होते. या वयातला गळा रंगभूमीला नेहमीच हवा असतो. दुपारी एकचा प्रयोग लावला तर तीन तासांचं संगीत नाटक सातच्या पुष्कळ आधी संपतं, मध्ये नियमाची विश्रांती देऊनही. रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात दुपारी बसायला आवडणारा प्रेक्षक आपल्याकडे आहे, हे निर्मात्यांनाही ठाऊक असणार. बरेच निर्माते उत्तर वाचल्यावर तोडग्याला येतात.

हे निर्माते नाहीच आले, तर सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या. मुलांना रात्री कुठे अडवून ठेवलं किंवा धमकावलं, तर पत्रव्यवहारात वेळ न घालवता १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लावा.