अमेरिकन कॉलेज स्पोर्ट्समधे एसईसी भारी की बिग टेन?

कुठला खेळ धरताय त्यावर आहे सगळं. (एसईसी आणि बिग टेन म्हणजे तिथल्या कॉलेज टीम्सचे दोन मोठे गट, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात.) फुटबॉल म्हणाल (त्यांचं हं, हाताने खेळायचं ते) तर 2006 ते 2012 सलग सात सीझन चॅम्पियन एसईसीचाच होता, फ्लोरिडा, एलएसयू, ऑबर्न, अलाबामा असं आलटून पालटून, मग 2021 आणि 2022 ला जॉर्जिया, त्यामुळे त्यांचे फॅन्स जमिनीवरच नसायचे. पण 1 जानेवारी 2024 ची रोझ बोल मॅच बघा यूट्यूबवर. मिशिगन वि. अलाबामा, ओव्हरटाइम, चौथा डाऊन, शेवटचा चान्स, अलाबामाचा क्वार्टरबॅक (टीमचा अटॅक चालवणारा मुख्य खेळाडू) बॉल घेऊन सरळ मधे घुसला आणि मिशिगनच्या पोरांनी तिथेच गाडला त्याला, मिशिगन 27-20 ने जिंकलं. त्या सीझनला मिशिगन चॅम्पियन आणि पुढच्याला ओहायो स्टेट, दोन्ही बिग टेनचे.

बेसबॉलमधे तुलनाच नको, 2019 पासून 2025 पर्यंत (2020 ला कोविडमुळे झालंच नाही) दर वर्षी चॅम्पियन एसईसीचाच. बास्केटबॉलला 2025 मधे त्यांच्या 16 पैकी 14 टीम्स एनसीएए टूर्नामेंटला (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) होत्या, जिंकली पण फ्लोरिडाच. कुस्तीत मात्र बिग टेन, त्यांच्या पेन स्टेटसमोर कोणी टिकत नाही, आणि एसईसीत तर कुस्तीची कॉन्फरन्स चॅम्पियनशिपच नसते.

बाकी 2024 ला टेक्सास, ओक्लाहोमा एसईसीत आणि पार लॉस एंजेलिसच्या टीम्स बिग टेनमधे गेल्या, म्हणजे नाव टेन आणि टीम्स 18, त्यामुळे जुने रेकॉर्ड काढून भांडण्यात तसाही फार दम उरला नाहीये.