संपाचा संपण्याशी काय संबंध?

नाशिकमधल्या सातपूरच्या एका ताई आठ मार्चसाठी भिंतीवर लावायचे तक्ते करतायत. विषय शिवणकाम करणाऱ्या बायकांचे लढे. त्यांचा प्रश्न असा: न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली शिवणकाम करणाऱ्या मुलींनी काम थांबवलं, त्याला 'हरताळ' म्हणावं, 'संप' म्हणावं की 'टाळेबंदी'? आणि 'गारमेंट वर्कर'ला मराठीत काय लिहावं?

टाळेबंदी आधी खोडा, ताई. दोष तुमचा नाही. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनला टाळेबंदी म्हणून म्हणून त्या शब्दाची पार रया घालवली. तेव्हापासून कुठेही काहीही बंद दिसलं की टाळेबंदी. परवा सीबीएसकडे जाताना शेअर रिक्षात एक गृहस्थ 'कामगारांनी टाळेबंदी केली' म्हणाले. मी शालिमार येईपर्यंत त्यांना समजावलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. अहो, टाळेबंदी मालक करतो! कामगारांनी काम थांबवलं तर संप, मालकाने कामगारांना दाराबाहेर ठेवलं तर टाळेबंदी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या होत्या.

हरताळाचं थोडक्यात. संस्कृतात हट्ट म्हणजे बाजार, आपल्या 'हाटबाजार'मधला हाट. त्याला टाळं लागलं की हरताळ. 'तत्त्वांना हरताळ फासला' म्हणतो तो हरताळ निराळा. ते पिवळं खनिज, पोथीतली चूक झाकायला त्याचा लेप देत. एका भाषाविषयक सदरात या दोन हरताळांचं लग्न लावून दिलेलं मी वाचलंय: दुकानांवर म्हणे पिवळा रंग फासत, म्हणून बंदला हरताळ. कुठल्या दुकानावर, कोणी पाहिला, याचा पत्ता नाही. लासलगावला व्यापारी कांद्याचे लिलाव बंद ठेवतात तो खरा हरताळ, अगदी व्युत्पत्तीसकट. बातमीत मात्र 'व्यापाऱ्यांचा संप'. व्यापारी कोणाच्या नोकरीत आहेत?

आता संप. इथे निवृत्त मास्तरांपासून व्हॉट्सॲपवरच्या ज्ञानी मंडळींपर्यंत सगळे सांगतात, काम संपवलं म्हणून संप. कानाला गोड आहे, पण खोटं आहे. 'संपणे' हे समाप्तीच्या घराण्यातलं. संप तर सुरू होतो, पुकारला जातो, चिघळतो. जे संपलंय ते पुकारणार कसं?

एखाद्या गुजराती शेजाऱ्याला विचारा. त्यांच्याकडे 'संप' म्हणजे एकी, मेळ, सलोखा. म्हणच आहे: 'संप त्यां जंप', एकी असेल तिथे शांती. काम थांबण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याला ते 'हडताळ' म्हणतात. मला ही म्हण पहिल्यांदा कळली तेव्हा त्या दिवशीचा चहा गार झाला होता. आपण ज्याला संप म्हणतो तो मुळात काम थांबवण्याचा शब्दच नाही, एकत्र येण्याचा आहे. काम थांबणं हा पुढचा भाग.

माझा आपला तर्क असा. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी काढली. मालक बरेचसे पारशी, भाटिया, म्हणजे घरात गुजराती बोलणारे. खात्यात राबणारे मराठी. कामगार घोळक्याने येऊन उभे राहिले की मालक आपसात म्हणत असणार, 'यांचा संप झालाय', म्हणजे यांची एकी झाली. तोच शब्द कामगारांनी उचलला आणि मालकाच्याच डोक्यावर आपटला. कोणी म्हणेल पुरावा काय? मराठीच पुरावा आहे. संप 'फोडतात', संपात 'फूट' पडते. फूट एकीत पडते, सुट्टीत नाही. बंद कोणी फोडत नाही, तो हाणून पाडतात. मग 'संप मिटला' कसं, असा प्रश्न एका वाचकाने मागेच टाकला होता. अर्थ पालटल्यानंतरची ती भर आहे, तिचा फार बाऊ करू नये. आणि 'संपावर जाणे' तर 'कामावर जाणे'च्याच साच्यातलं. रोज कामावर जाणारा माणूस एक दिवस संपावर जातो, डबा तोच.

कायदाही नकळत माझ्याच बाजूचा. संपाच्या व्याख्येत काम थांबवणं पुरत नाही, ते कामगारांनी एकत्र येऊन थांबवावं लागतं. एकट्याने थांबवलं तर ती रजा, नाहीतर राजीनामा.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. गुजराती अर्थाने तो नामी संपच. उलट १९८२ चा संप बघा. १८ जानेवारीला सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, आणि तो रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. 'संपणे'वाल्यांनी हे वाक्य पाठ करावं: संप संपलाच नाही.

हां, न्यूयॉर्क. २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं चालली होती. क्लारा लेमलिच नावाची विशीतली पोरगी उठली आणि ज्यूंच्या यिडिश भाषेत म्हणाली, बोलणं पुरे, सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. सभेने हात वर करून शपथ घेतली, की दगा दिला तर हा उचललेला हात झडून जावो. काम दुसऱ्या दिवशी थांबलं, पण संप त्या रात्रीच झाला होता. सुमारे वीस हजार जण, बहुतेक मुली, त्यात उतरल्या. तेव्हा 'संप'च लिहा. टाळेबंदीही त्या प्रकरणात आहे, पण ती ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या मालकांनी केली होती, संघटनेत जाणाऱ्या मुलींना बाहेर ठेवायला. पुढे २५ मार्च १९११ ला त्याच कारखान्याला आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ माणसं गेली. टाळं कोणाच्या हातात, हे एवढ्यासाठी विचारायचं.

दुसरा प्रश्न राहिलाच की. 'वस्त्रोद्योग कामगार' नको, त्यात मालेगावचे यंत्रमागवालेही येतात, आणि ते विणतात, शिवत नाहीत. 'गिरणी कामगार'ही नको, गिरणीतून कापड निघतं, कपडे नाहीत. (कापड आणि कपडा दोघंही संस्कृत 'कर्पट'ची लेकरं, कर्पट म्हणजे चिंधी, त्यावर पुन्हा कधीतरी.) 'शिलाई कामगार' चालेल, पण शिलाई हिंदीची. आपलं 'शिवण' आहे, म्हणून मी 'शिवणकामगार' लिहीन, एकच शब्द, मध्ये जागा न सोडता. बायका स्वतः 'मी गारमेंटला जाते' म्हणतात, तेही तक्त्यावर कुठेतरी येऊ द्या.