भाड्याचा लेहेंगा, विकतची पैठणी

प्रिय मुली,

बहिणीच्या लग्नासाठी २४,००० रुपयांचा लेहेंगा घ्यावा की भाड्याने आणावा, असं तू विचारलंस. पगार झाला की आठवडाभरात तीन-चार पार्सलं येतात आणि वीस तारखेनंतर ओढाताण होते, हेही त्याच पत्रात लिहिलंस. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. कपडा किती वेळा अंगावर चढणार, याचा हिशेब पैसे देण्याआधी व्हायला हवा.

लेहेंग्याचंच बघ. दुकानदाराने भाडं ४,५०० सांगितलंय. विकत घेतलास तर प्रत्येक वापरानंतर ड्रायक्लीनिंगचे साधारण ८०० धर. सहा वेळा नेसलास तरी विकतचाच महाग पडतो, सातव्या वेळेला कुठे तो परवडायला लागतो. इतका जड लेहेंगा सात लग्नांत कोण घालतं? शिवाय दोन वर्षांत कंबर बदलते. तेव्हा भाड्यानेच आण.

मात्र दुकानात दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली डाग लपतात. आधी ब्लाउज उलटा करून काखेतलं अस्तर बघ, घामाचे पिवळे डाग तिथेच असतात. मग घेराची खालची कड बोटांनी चाचपत पूर्ण फिर. टाचेत अडकून ती उसवलेली असते आणि घेर फुलवणारी आतली कॅनकॅनची जाळी फाटलेली असते. चेन चार वेळा वर-खाली कर. निघालेले मणी, सुटलेली जर, सगळ्याचा व्हिडिओ दुकानदारासमोरच काढ, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचं नुकसान तुझ्या डिपॉझिटमधून वळतं होतं. पावतीवर कपडा न्यायची आणि परत द्यायची तारीख व वेळ, उशिराचा रोजचा दंड, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि डाग पडला तर किती कापणार, हे लिहून घे. तोंडी ‘बघू’ चालणार नाही.

घोळ होतो तो बहुतेक ब्लाउजच्या मापात. शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते विचार. अर्धा इंचही नसेल तर तो सैल होणार नाही, दुसरा बघ. घट्ट करायचा असेल तर कच्ची शिलाई मारून घे, कापू देऊ नकोस. लग्नात घालणार तीच चप्पल घालून उंची बघ. आणि हळदीला भाड्याचा कपडा अजिबात नको. जरीच्या कापडावरचा हळदीचा डाग जवळजवळ निघतच नाही. त्या दिवशी साधा सुती कुर्ता घाल. त्यावरची हळद साबणाने आधी लाल होते, घाबरू नकोस, उन्हात वाळवलास की फिकी पडते. भाड्याच्या कपड्यावर अत्तर, डिओ फवारू नकोस, जरीचं काम काळवंडतं. काही सांडलंच तर चोळू नकोस, पाणीही लावू नकोस. कोरड्या सुती कापडाने टिपून घे आणि दुकानात खरं सांग.

पैठणीला हा नियम नाही. ती विकतच घ्यावी. साडीला मापाचं बंधन नाही, ब्लाउज बदलला की वीस वर्षांनीही नेसता येते, आईची मुलीला होते. घेताना पदर उलटून बघ. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची असण्याची शक्यता जास्त. घरी मलमलच्या कापडात ठेव आणि तीन-चार महिन्यांनी घड्या मोड, नाहीतर ती घडीवरच विरते.

आता तुझी पार्सलं. अ‍ॅपमध्ये कार्ड सेव्ह करून ठेवलं असेल तर आजच काढून टाक. दर वेळी सोळा आकडे टाकायला लागले की हात थांबतो. नोटिफिकेशनही बंद कर. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’ हे खोटं असेल तर ती ग्राहकाची फसवणूकच आहे. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा क्लृप्त्या दिल्या आहेत, आणि खोटी घाई त्यात पहिल्याच क्रमांकावर आहे. मोफत डिलिव्हरीसाठी दोनशेचा टॉप टोपलीत टाकतेस, तेव्हा पन्नास रुपये वाचवायला दोनशे घालवतेस. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाहीस तर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, ते वेगळंच.

आवडलेली वस्तू वहीत तारीख घालून लिही. शेजारी कपाटातल्या कोणत्या तीन कपड्यांबरोबर ती जाईल तेही लिही. तिसरं नाव सुचत नसेल तर सोड. पुढचा पगार होईपर्यंत मन तिथेच असेल तर खुशाल घे, मन मारून जगू नकोस. पार्सल आलं की त्याच संध्याकाळी घालून बघ, टॅग काढू नकोस. ‘उद्या परत करू’ म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

येत्या नवरात्रात नऊ रंगांसाठी एकही नवा कपडा घेऊ नकोस. आधी कपाट उपस. नऊतले सहा-सात रंग तिथेच सापडतील, राहिलेल्यांना मैत्रिणीची ओढणी पुरते. उपसताना लेबल न काढलेले कपडे वेगळे ठेव, त्यांच्या किमती वहीत मांड आणि बेरीज मला कळव.

लेहेंग्याचं बुकिंग मात्र लांबवू नकोस. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि चांगली मापं आधी जातात. दीड-दोन महिने आधी ठरव आणि लग्नाच्या तीन दिवस आधी पुन्हा घालून बघ.

सस्नेह,
तुझी ताई