विभेदन, परिपक्वन, विभाजन : यकृताबद्दल लिहिताना

प्रश्न असा आला आहे : ‘मानवी यकृतातील मूळ पेशींची परिपक्वता’ हा मथळा आरोग्यविषयक लेखाला चालेल का? ‘परिपक्वता’ लिहावे की ‘परिपक्वन’? आणि ‘विभेदन’ हा आणखी एक जड शब्द वापरायची खरेच गरज आहे का?

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. गरज आहे, आणि यकृताबद्दल लिहिताना तर जास्तच. विभेदन आणि परिपक्वन या तिथे दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांचा काळ वेगळा, आणि त्या बिघडल्या तर होणारे आजारही वेगळे.

विभेदन (डिफरन्शिएशन) म्हणजे अनेक वाटा खुल्या असलेल्या पेशीने एक वाट धरणे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात आद्य आतड्याच्या अस्तरातून यकृताचा अंकुर फुटतो. त्यातल्या पेशींना हेपॅटोब्लास्ट म्हणतात. मराठीत ‘यकृतजनक पेशी’ म्हटले तर अर्थ लगेच कळतो. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात : यकृतपेशी होणे किंवा पित्तनलिकेच्या अस्तराची पेशी होणे. आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेलगतच्या पेशींना जॅग्ड-१ या प्रथिनाकडून संदेश मिळतो आणि त्या पित्तनलिकेच्या वाटेला लागतात. या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर यकृतात पित्तनलिका कमी राहतात आणि पित्त तुंबते. हा अलाजील सिंड्रोम. इथे चुकले ते विभेदन.

वाट धरल्यावर कामात तयार होणे म्हणजे परिपक्वन (मॅच्युरेशन). ते बरेच उशिरा होते आणि जन्मानंतरही चालू राहते. गर्भातली यकृतपेशी अल्फा-फिटोप्रोटीन हे प्रथिन भरपूर बनवते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात त्याचे रक्तातले प्रमाण उतरत जाते. औषधांचे विघटन करणारे सीवायपी-३ए-७ हे विकर (एन्झाइम) मागे पडते आणि सीवायपी-३ए-४ त्याची जागा घेते. बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याला विद्राव्य करणारे विकर पूर्ण दिवसांच्या बाळातही जन्मतः प्रौढांच्या सुमारे १ टक्काच काम करते. प्रौढांची पातळी गाठायला साधारण १४ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. नवजात बाळांना होणाऱ्या सौम्य काविळीचे हे एक मोठे कारण. म्हणून अशा बाळाचे यकृत ‘अपरिपक्व’ आहे असे लिहावे, ‘अविभेदित’ नाही. त्याच्या पेशी यकृतपेशी कधीच झालेल्या असतात, फक्त कामाला पुरत्या तयार नसतात.

आता प्रश्नात नसलेला, पण सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द : विभाजन. ‘पेशीविभेदन’ आणि ‘पेशीविभाजन’ हे दिसायला इतके जवळचे आहेत की घाईत एकाच्या जागी दुसरा छापला जातो, आणि मुद्रितशोधनात ते कोणाला खटकतही नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात. अर्थ मात्र पार बदलतो : विभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी होणे. उंदराच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग कापला तरी ७ ते १० दिवसांत यकृत जवळजवळ मूळ वजनाला येते. हे कोण करते? मुख्यतः उरलेल्या परिपक्व यकृतपेशीच, स्वतः विभागून. तिथे मूलपेशींची (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडतात त्या पेशींची) फारशी गरज पडत नाही. कापलेला खंड पुन्हा उगवतो असेही नाही. उरलेले खंड मोठे होतात. म्हणून ‘पुनर्जनन’ लिहिले तरी पुढे एक वाक्य खुलाशाचे द्यावे, नाहीतर वाचकाच्या डोळ्यांपुढे पालीचे शेपूट येते. दीर्घ आजारात यकृतपेशींची विभागण्याची ताकद संपते, तेव्हा सूक्ष्म पित्तमार्गांच्या टोकाशी असलेल्या लहान पेशी वाढू लागतात. माणसात त्यांना खऱ्या मूलपेशी म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. त्यांना ‘पूर्वगामी पेशी’ म्हणणे सुरक्षित.

‘मूळ पेशी’ असे तोडून लिहू नये. त्याचा अर्थ ‘आधीची, मूळची पेशी’ असा होतो, आणि यकृतावरच्या लेखात तो अर्थही वारंवार लागतो. पाठ्यपुस्तकातला ‘मूलपेशी’ हा जोडशब्द चांगला आहे. ‘कोशिका’ हिंदीतली, मराठीत तिची गरज नाही. ‘डिफरन्शिएशन’साठी भाषांतराच्या यंत्राने ‘विकलन’ सुचवले तर ते गणितासाठी राखून ठेवावे.

आता ‘परिपक्वता’ की ‘परिपक्वन’. ‘-ता’ लागला की अवस्था कळते, क्रिया नाही. ‘पेशींची परिपक्वता तपासली’ हे बरोबर. ‘परिपक्वता चालू आहे’ हे कानाला खटकते. संस्कृतच्या वळणाने पाहिले तर क्रियेचे नाम ‘परिपाक’, पण मराठीत त्याचा अर्थ ‘परिणाम, फलित’ असा पक्का बसला आहे, तो आता हलवता येणार नाही. ‘परिपक्वन’ हे विशेषणावरून बनवलेले रूप असल्याने काहींना खुपते. तरीही मथळ्यात, तक्त्यात ते उपयोगी आहे आणि मला मान्य आहे. वाक्यात मात्र ‘परिपक्व होणे’ हेच सरळ आणि उत्तम. ‘परिपक्वीकरण’ तेव्हाच लिहावे, जेव्हा कोणीतरी बाहेरून ते घडवत असेल.

तसे प्रयोगशाळेत घडवले जाते. प्रेरित बहुक्षम मूलपेशींपासून (प्रौढ पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) यकृताच्या पेशी बनवण्याच्या एका रूढ पद्धतीत साधारण २० दिवस लागतात : आधी अ‍ॅक्टिव्हिन-ए देऊन अंतःस्तराच्या (आतड्याचे अस्तर ज्यापासून बनते त्या गर्भातल्या थराच्या) पेशी, मग बीएमपी-४ आणि एफजीएफ-२, मग एचजीएफ, शेवटी ऑन्कोस्टॅटिन-एम (ही सगळी पेशींना संदेश देणारी प्रथिने), प्रत्येक टप्पा सुमारे ५ दिवसांचा. पहिले टप्पे विभेदनाचे, शेवटचा परिपक्वीकरणाचा. अडते ते या शेवटच्या टप्प्यावर. हाती येणाऱ्या पेशी अल्ब्युमिन हे यकृताचे नेहमीचे प्रथिन बनवतात, पण अल्फा-फिटोप्रोटीनही बनवत राहतात, आणि सीवायपी विकरे प्रौढ पेशींच्या मानाने कमी पडतात. वागणूक गर्भातल्या पेशीचीच राहते. म्हणून शोधनिबंधांत त्यांना ‘यकृतपेशीसदृश पेशी’ म्हणतात. मराठी बातमीत हा ‘सदृश’ बहुधा गळतो आणि ‘प्रयोगशाळेत यकृतपेशी तयार’ असे छापून येते. उपचाराची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या घरी ही बातमी वाचली जाते. तो ‘सदृश’ गाळू नये.

मथळ्याबद्दल : लेख गर्भातल्या घडणीवर असेल तर ‘यकृतजनक पेशींचे विभेदन’ लिहा. नवजात बाळांवर असेल तर ‘यकृतपेशी परिपक्व कशा होतात’. प्रयोगशाळेतल्या कामावर असेल तर ‘मूलपेशींपासून यकृतपेशीसदृश पेशी’. सध्याचा मथळा या तिन्हींपैकी कशालाच बसत नाही, कारण मूलपेशी परिपक्व होत नाही. तिच्यापासून झालेली यकृतपेशी परिपक्व होते.